काटकसर आपली, कपात त्यांची



कृषी खात्याचा मेळावा असो, बँकेचा कर्जवाटपाचा कार्यक्रम असो, नाही तर साखर कारखान्याची वार्षिक सभा असो, शेतकऱ्याला द्यायचा एक उपदेश ठरलेला आहे. पाणी काटकसरीने वापरा, खत काटकसरीने वापरा, लग्नकार्यात काटकसर करा, म्हणजे तुमचे कल्याण होईल. उपदेश करणाऱ्याची गाडी मांडवाबाहेर इंजिन चालू ठेवून उभी असते, कारण साहेब परत येईपर्यंत ती आतून गार राहिली पाहिजे.

या अंकात आम्ही या एका शब्दाचा पंचनामा करायला घेतला आहे. कुणी म्हणेल, शब्दांचा कीस पाडून उसाला भाव मिळतो काय? मिळत नाही. पण आपल्या बिलातला पैसा आकड्याने कापला जाण्याआधी शब्दाने कापला जातो, आणि शब्दाला आपण हरकत घेत नाही म्हणून आकड्याला हरकत घ्यायची वेळ आली की आपली जीभ अडखळते. म्हणून ही उठाठेव.

आधी आपल्या घरातले शब्द बघू. जपून वापरणे, बेताने घेणे, पुरवून पुरवून खाणे, हात राखून वाढणे, भागवणे, निभावणे, फाटा देणे. सातारा-सांगलीच्या कुठल्याही घरात म्हातारीला विचारा, ती आणखी दहा सांगेल. लुगडे मधे विरले की तो विरलेला पट्टा कापून काढायचा आणि चांगली टोके जोडायची. त्या जोडाला दंड म्हणतात. दंड घातलेले लुगडे आणखी दोन वर्षे निघते. त्याच्याही पलीकडे ते फाटले की त्याची वाकळ होते. वाकळ फाटली की तिच्या चिंध्या चुलीजवळ येतात. शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकायची. कोंड्याचा मांडा करायचा. आता कुणी म्हणेल ही गरिबीची वर्णने झाली. तशी ती आहेतच. पण त्यांच्यात एक कसबही आहे, आणि ते कसब कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवले जात नाही.

शेतातही तेच. बेवड हा शब्द घ्या. हरभऱ्याच्या बेवडावर पुढचे पीक चांगले येते, हे आजोबा सांगत होते तेव्हा त्यांना मुळावरच्या गाठी आणि हवेतले नत्र ठाऊक नव्हते. आम्हाला ते कृषी महाविद्यालयात इंग्रजी पुस्तकातून शिकवले गेले आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळाले. बेवड हा शब्द मात्र त्या पुस्तकात नव्हता. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात रब्बीची मालदांडी ज्वारी पावसाळा सरल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. कोळप्याची पाळी देऊन भेगा बुजवायच्या, ओल उडू द्यायची नाही, आणि दोन महिने आभाळाकडे न बघता पीक काढायचे. बी राखून ठेवायचे ते राख आणि लिंबाचा पाला घालून. एवढी काटकसर ज्या माणसाच्या हाडात आहे त्याला काटकसरीची भित्तिपत्रके वाटायला सरकार पैसे खर्च करते. ही उधळपट्टी नव्हे काय?

या साऱ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. करणारा आणि सोसणारा एकच आहे. आम्ही पुरवून खाल्ले, आम्ही भागवले, आम्ही फाटा दिला. एक पोटशाखा मात्र आपल्याच घरात आहे आणि तिच्याबद्दल गप्प बसणे आम्हाला परवडणार नाही. कर्ता पुरुष ‘यंदा जरा काटकसर केली’ म्हणतो तेव्हा पातेल्याच्या तळाशी काय उरले होते आणि ते कुणी खाल्ले, हे त्याने बघितलेले नसते. पोटाला चिमटा हा शब्दप्रयोग आहे खरा, पण तो चिमटा घराघरात एका ठरलेल्या पोटालाच बसत आला. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर जी जेवायला बसते तिच्यासाठी काटकसर हा शब्द नसतोच. ‘मला भूक नाही’ एवढेच वाक्य असते. बैठकीला येणाऱ्या भावांनी हे घरी जाऊन तपासावे.

आता शब्दाची फोड. काटकसर यात दोन तुकडे आहेत. काट म्हणजे कापून टाकलेले. यादीतल्या नावावर काट मारतात, खर्चात काटछाट करतात, ती हीच. कसर हा मूळचा अरबी शब्द, हिशेबाच्या दप्तरातून आपल्याकडे आला. मोडलेला तुकडा, अपूर्णांक, उणेपणा असा त्याचा अर्थ. म्हणून आपण ‘कसर भरून काढणे’ म्हणतो. दोन्ही तुकडे उणेपणाचेच. तरीसुद्धा दोन्ही जोडून झालेला शब्द आपल्या भाषेत सद्गुणाचा ठरला, कारण त्याच्या शेवटी आपण ‘करणे’ लावतो. काटकसर माणूस स्वतः करतो.

कपातीचे तसे नाही. कपात होते. कपात लागू होते. वीजकपात, पाणीकपात, बिलातली कपात ही वाक्ये बोलून बघा, त्यांत करणारा माणूस कुठे सापडत नाही. जणू आभाळातून गारा पडाव्यात तशी ती पडते. ‘टंचाई निर्माण झाली’, ‘भारनियमन सुरू झाले’, ‘अनुदान बंद झाले’. मराठी शाळेत कर्ता, कर्म, क्रियापद शिकवतात. सरकारी मराठीत कर्त्याची पहिली कपात होते. आणि ज्याचे कापले गेले त्याला पुन्हा वरून सांगायचे की ही काटकसर आहे, चांगली सवय आहे, देशाच्या हिताची आहे. आमचा सगळा राग या अदलाबदलीवर आहे. काटकसर या शब्दावर नाही.

ही लबाडी जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंगा पुणे-नगरच्या मुलखात पसरला. त्या काळच्या साहेबलोकांत आणि शिकलेल्यांत एक मत पक्के होते: कुणबी कर्जात बुडतो तो लग्न आणि सणावारातल्या उधळपट्टीमुळे. मग चौकशी आयोग बसला. तो आयोग काही शेतकऱ्यांचा नव्हता, इंग्रज सरकारचा होता. त्यानेच हिशेब तपासून लिहिले की लग्न आणि सणांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तेवढे महत्त्व दिले गेले आहे. सारा रोखीत, ठरल्या वेळी, पीक आले नाही तरी भरायचा. त्यासाठी सावकाराच्या दारात जायचे. व्याज मुद्दलाला गिळायचे. आणि कोर्ट कागद बघायचे, माणूस नाही. १८७९ साली डेक्कन कृषक कर्जनिवारण कायदा आला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. म्हणजे आपल्या आज्याच्या आज्यावर लागलेला उधळेपणाचा आरोप सरकारदप्तरीच खोटा ठरला होता. खटाव तालुक्यातल्या कटगुणात ज्यांच्या घराण्याचे मूळ, त्या जोतीरावांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये या आरोपाचा समाचार घेतला. दीडशे वर्षे होत आली. आजही कर्जमुक्तीची मागणी केली की दूरचित्रवाणीवर कुणी तरी शहाणा म्हणतोच, शेतकऱ्यांनी लग्ने साधी करावीत.

साधी लग्ने आम्हाला शिकवता? याच मातीत ती झाली आहेत. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी साताऱ्यात प्रतिसरकार चालवले. आजचे वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. लोकन्यायालये, दारूबंदी, सावकाराला आळा ही कामे तर झालीच, पण त्याच चळवळीने गांधी लग्ने लावली. मानपान, हुंडा, वाजंत्री यांना फाटा, थोडक्यात विधी, आणि सावकाराच्या उंबऱ्यावर न जाता पोरगी सासरी. ते कुणाच्या उपदेशाने झाले नाही. गावाने मिळून ठरवले, पुढाऱ्याच्या घरापासून सुरुवात झाली आणि वाचलेला पैसा घरातच राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. तिची वसतिगृहे गावोगावच्या बायांनी दळणातून बाजूला काढलेल्या मूठमूठ धान्यावर चालली, आणि पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. काटकसर म्हणायची तर ती. कुणी केली, कुणासाठी केली, वाचलेले कुठे गेले, तिन्ही प्रश्नांना तिथे सरळ उत्तर होते.

हेच तीन प्रश्न घेऊन आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. पहिले खताचे पोते, कारण तो आमचा विषय आहे.

युरियाचे पोते ५० किलोचे होते. २०१८ च्या मार्चपासून ते ४५ किलोचे झाले. कारण काय सांगितले? शेतकरी किलोने नाही, पोत्याने खत टाकतो. पोते लहान केले की खत आपोआप कमी पडेल आणि देशाची बचत होईल. म्हणजे लेकराला भूक किती हे बघायचे नाही, वाटी लहान करायची. पोत्याची किंमत त्या मानाने उतरवली होती हे खरे, आणि ते सांगितले पाहिजे. पुढे २०२४ च्या जानेवारीत गंधकाचे आवरण असलेला युरिया गोल्ड ४० किलोच्या पोत्यात काढायचे ठरले आणि त्याची किंमत ठेवली ४५ किलोच्या पोत्याइतकीच, २६६ रुपये ५० पैसे.

आता हिशेब करा. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. साध्या युरियात नत्र ४६ टक्के. ५० किलोच्या पोत्यात ते २३ किलो असायचे, एकराला साडेचार पोत्यांच्या आत काम व्हायचे. ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो, पावणेपाच पोत्यांहून थोडे जास्त, खर्च सुमारे १,२९० रुपये. युरिया गोल्डमध्ये नत्र ३७ टक्के, म्हणजे पोत्यात १४.८ किलो, पावणेसात पोती, खर्च सुमारे १,८०० रुपये. त्यात १७ टक्के गंधक मिळते ही गोष्ट आम्ही लपवत नाही. भुईमूग, सोयाबीन, कांदा यांना गंधक लागते, आणि कमतरता असलेल्या रानात त्याचा उपयोग होतो. पण मग ते गंधक म्हणून विका, गंधकाचा भाव सांगा. पोते लहान करून त्याला काटकसर म्हणू नका. पिकाला नत्र किलोने लागते. मुळांना पोती मोजता येत नाहीत.

यापेक्षा मोठी गफलत १९९२ साली झाली. त्या ऑगस्टात सरकारने स्फुरद आणि पालाश या खतांवरचे नियंत्रण उठवले. भाषणांत त्याला अनुदानातली काटकसर म्हटले गेले. युरिया स्वस्तच ठेवला. डीएपी आणि पोटॅशचे भाव एकदम चढले. शेतकऱ्याने काय केले? जे परवडते ते टाकले. देशातले नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण १९९१-९२ साली ५.९ : २.४ : १ होते, ते पुढच्या एका वर्षात ९.५ : ३.२ : १ झाले. नंतर तीस वर्षे तज्ज्ञ मंडळी परिसंवाद भरवून सांगत राहिली की शेतकरी अडाणीपणाने युरिया जास्त टाकतो. तिजोरीचे पैसे वाचले, त्याची कसर जमिनीने भरली, आणि बोल मात्र शेतकऱ्याला लागला.

आता उसाचे बिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हा कायदा आहे, कुणाचा उपकार नाही. आपल्या भागात तो किती हंगाम पाळला गेला हे आपल्या पासबुकांना विचारावे. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला मुभा देणारा निर्णय काढला. त्यालाही गोंडस कारण होते, कारखान्याची आर्थिक ओढाताण कमी व्हावी. ओढाताण कारखान्याची, आणि भागवायचे कुणी? ऊसवाल्याने. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मधल्या हंगामांत मागे ठेवलेल्या पैशावरचे व्याज हा आपल्या मागण्यांतला विषय आहेच.

बिलाच्या पावतीवर कपातीचा एक रकाना असतो. सोसायटीचे कर्ज, पाणीपट्टी, ठेवी, निधी, वर्गणी. यातली काही वजावट रास्त आहे. आपणच सही करून दिलेली असते. पण ठेव म्हणून कापलेले आणि कधीच परत न आलेले पैसे या दोन जिल्ह्यांत किती घरांत आहेत? ‘विनापरतीची ठेव’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा तयार केला त्याला भाषेचा मोठा पुरस्कार द्यायला हवा. ठेव या शब्दाचा अर्थच परत मिळणारी वस्तू असा आहे. बुडवलेल्या पैशाला ठेव म्हणायचे आणि कापलेल्या पैशाला बचत.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस, अतिवृष्टीने मराठवाडा आणि सोलापूर धुऊन निघाल्यावर, मंत्री समितीने उसामागे टनाला १५ रुपये घ्यायचे ठरवले. १० रुपये मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ पूरग्रस्तांना. ओरड झाली तेव्हा खुलासा आला की हे पैसे शेतकऱ्याच्या बिलातून नाहीत, कारखान्याच्या नफ्यातून आहेत. बरे. पण सहकारी कारखान्याचा मालक कोण? सभासद. नफा झाला तर तो कुणाच्या उसाचा? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपली कृष्णाकाठची गावे पाण्यात होती, तेव्हा आपल्याला भाकरी बांधून पाठवणाऱ्यांत मराठवाड्यातले भाऊ होते. त्यांच्यासाठी टनाला पन्नास रुपये द्यायलाही आपण ना म्हणणार नाही. मदत हात पुढे करून मागावी, आपण ती हाताने देऊ. खिशात हात घालून घेतलेल्याला मदत म्हणत नाहीत.

विजेचे थोडक्यात. इंग्रजीत लोडशेडिंग म्हणतात, म्हणजे भार टाकून देणे. निदान त्यात काही तरी टाकून दिल्याची कबुली आहे. आपल्याकडे त्याचे भारनियमन झाले. नियमन! जणू कुणी तराजू घेऊन सगळ्यांना सारखे मोजून देत आहे. वर्षानुवर्षे शेतीपंपाला आठ-दहा तास वीज मिळाली, तीही पाळीने, निम्मे दिवस रात्रीची. थंडीत, अंधारात, सापकिरडूंच्या वाटेने पाणी पाजायला कोण गेले? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत विजेची योजना आली, म्हणून आता काही बोलू नये असे काहींचे म्हणणे आहे. फुकट वीज रात्री दोनला देण्यापेक्षा रास्त दराने दिवसा द्या, असे आम्ही आधीही म्हणत होतो, आताही म्हणतो.

सरकार स्वतः काटकसर करते तेव्हाही कात्री कुठे चालते ते बघण्यासारखे असते. ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने त्या वर्षीच्या तरतुदीतला ३३ टक्केच निधी विभागांना मिळेल असे सांगितले आणि आरोग्याची सोडून नवी भरती थांबवली. साथीचे वर्ष होते, तिजोरी रिकामी होती, आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नियमित कर्ज फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झाले होते. नियमित फेडणारा म्हणजे कोण? पोटाला चिमटा घेऊन, म्हैस विकून, सोसायटीचा हप्ता तारखेला भरणारा. खरी काटकसर ज्याने केली तोच. त्याच्या हातात पैसे पडायला २०२२ चा उत्तरार्ध उजाडला. आणि पाटण, जावळीच्या डोंगरातली वीस पटाच्या आतली शाळा बंद करायची झाली की तिला समूह शाळा असे नाव शोधले जाते. पोराची पायपीट वाढते, शब्द मात्र एकत्र कुटुंबासारखा गोड.

आता जो विषय आपल्याच बैठकीत भांडणाचा होतो, तिकडे वळतो. पाणी.

माणदेशात जाऊन पाण्याची काटकसर करा म्हणून सांगणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. जिथे टँकरची वाट बघून भांडी घासली जातात तिथे काटकसर हा शब्दच उच्चारू नये. कोयना धरण आपल्या सातारा जिल्ह्यात, साठा १०५ टीएमसी. त्यातले ६७.५ टीएमसी पश्चिमेकडे वळवायला बच्छावत लवादाने मुभा दिली. वीज करून ते पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. विजेची गरज आम्ही नाकारत नाही. पण दुष्काळी साल आले की कोयनेतून कृष्णेत किती सोडायचे यावरून सातारा आणि सांगली एकमेकांच्या उरावर बसतात, आणि त्या ६७ टीएमसीचे नाव कुणी काढत नाही. दोन उपाशी भावांना एका भाकरीवरून झुंजवायचे आणि डबा मागच्या दाराने बाहेर काढायचा, हा जुना डाव आहे.

एवढे बोलून आम्ही थांबलो असतो तर कृष्णाकाठच्या भावांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण वाळवा, पलूस, मिरज भागातली पांढरी पडलेली राने आम्ही बघतो. दिवसरात्र पाट सोडून, वरून युरिया ओतून, एकेकाळी शंभर टनांची स्वप्ने दाखवणारी काळी जमीन क्षारपड झाली. तिथे आता गवतही धड उगवत नाही. चर काढायला लाखाने खर्च येतो. इथे पाण्याची काटकसर हा उपदेश नाही, औषध आहे. सरी आड सरी पाणी, पाचट न जाळता सरीत दाबणे, ठिबक, माती तपासून खताचे हप्ते पाडणे, उसानंतर हरभऱ्याचा नाही तर तागाचा बेवड. हे केले तर एकरी उतारा घटत नाही, उलट जमीन वाचते. ज्याचा हात पाण्यात आहे त्यानेच पाणी जपून वापरायचे असते. ज्याचा घसा कोरडा आहे त्याला जपून पी म्हणणे ही चेष्टा झाली. नदीकाठच्या बागायतदाराने स्वतःच्या पाण्याला हात राखला तर टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या कालव्यांच्या शेपटाला बसलेल्याची आशा जागते. त्याने तो राखला नाही तर एक दिवस राखायला लावणारे येतील, आणि तेव्हा ती कपात असेल.

तिसरा एक शब्द आहे आणि तो आपल्याच भागाने करून दाखवला आहे: वाटणी. खानापूर तालुक्यात येरळेवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतली वाळू ठेकेदाराने उपसायची नाही, गावाने विकायची आणि त्या पैशातून धरण उभे करायचे, असा तो लढा होता. पाण्याचे ठरले ते असे की प्रत्येक कुटुंबाला हक्क, जमीन नसलेल्यालाही, आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. विचार करा. सांगली जिल्ह्यात, उसाच्या राज्यात, शेतकऱ्यांनी स्वतः बसून ऊस नको म्हणून ठरवले. कुणी परिपत्रक काढले नव्हते, कुणी भित्तिपत्रक लावले नव्हते. पोते लहान करावे लागले नाही. कारण सोडलेले पाणी शेजारच्याच शिवारात जाताना डोळ्यांना दिसत होते.

म्हणून येत्या जिल्हा बैठकांसाठी आमची विनंती अशी. ऊस उत्पादक भावांनी गेल्या तीन हंगामांच्या बिलाच्या पावत्या आणाव्यात, कपातीच्या रकान्यासह. ज्यांच्याकडे जुन्या ठेवींच्या पावत्या पिवळ्या पडून पडल्या असतील त्यांनी त्याही आणाव्यात, उंदरांनी कुरतडलेल्या असल्या तरी चालतील. खताच्या पोत्यावरचा वजनाचा आणि नत्राच्या टक्क्यांचा भाग कापून आणावा. बायांनी यावेळी सभेच्या कडेला न बसता पुढे बसावे. घरखर्चाचा विषय निघेल तेव्हा पहिले त्यांनीच बोलायचे आहे. आम्ही एका मोठ्या कागदावर प्रत्येक रकमेपुढे दोन गोष्टी लिहिणार आहोत: ही कुणी कापली, आणि वाचलेले कुठे गेले. ज्या रकमेपुढे नाव लिहिता येणार नाही त्या सगळ्या रकमांचा एक अर्ज करून तो साखर सहसंचालकांच्या कार्यालयात नेऊ. अर्जात ‘कपात झाली’ असे लिहायचे नाही. ‘कपात केली’ असे लिहायचे, आणि करणाऱ्याची जागा रिकामी ठेवून ती त्यांनाच भरायला लावायची.

येताना भाकरी बांधून आणावी. चहाची सोय आहे, जेवणाची नाही.